पद्मिनीचा चोक कायमचा बंद करून टाकावा का?

सातरस्ता_११००

नमस्कार मंडळी. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, मूळ सोलेक्स कार्बोरेटर. चोकची (थंड इंजिन लागायला पेट्रोल वाढवणाऱ्या सोयीची) केबल तुटली होती. मेकॅनिकनी नवी न टाकता कार्बोरेटरवरचा चोकचा लिव्हर बाइंडिंग वायरनं बांधून टाकला. म्हणणं असं की सोलापूरच्या हवेत चोक लागतच नाही, उलट पेट्रोल खातो. उन्हाळ्यात काही जाणवलं नाही. आता गड्ड्याचे, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचे, दिवस आलेत आणि सकाळी पहिल्या स्टार्टला फार वेळ सेल मारावा लागतोय. बरं, एवढं करून पेट्रोल तरी वाचावं, तर तेही नाही. शहरातलं अ‍ॅव्हरेज १३ वरून ९ वर आलंय, प्लग काढले की काळी कोरडी काजळी, आणि गरम झाल्यावर आयडलिंग वर-खाली होतं.

विचारायचं एवढंच. चोक काढूनच टाकावा की परत जोडावा? केबल बाजारात लगेच मिळत नाहीये, तर सायकलच्या ब्रेकची वायर चालेल का? आणि घरातली दुसरी गाडी कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. तिची चोकची झडप अडकते, ती काढून टाकली तर काही बिघडेल का?


जेटवाला

परत जोडा. पण त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण तुमच्या गाडीत चोक बंद झालेलाच नाही असं लक्षणांवरून दिसतंय.

पद्मिनीच्या सोलेक्समध्ये तोंडावर झडप नसते. मारुतीत चोक ओढला की हवेचं तोंड बंद होतं. सोलेक्समध्ये मात्र बाजूला वेगळा छोटा स्टार्टर कार्बोरेटर असतो. त्याला स्वतःचा पेट्रोलचा जेट (ठरलेल्या मापाचं बारीक भोक), स्वतःचा हवेचा जेट आणि मधे एक फिरणारी चकती. नॉब ओढला की चकती फिरते, तिची भोकं रस्त्याच्या भोकांसमोर येतात आणि दाट मिक्श्चर, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, थेट थ्रॉटलच्या बटरफ्लायच्या (रेस दिली की उघडणाऱ्या झडपेच्या) खाली, मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या पाइपाच्या) ओढीत जातं. त्याच्या विहिरीत आधीच थोडं पेट्रोल साठलेलं असतं. पहिल्या फेऱ्यांना ते एकदम दाट मिळतं. विहीर रिकामी झाली की तिकडून हवा यायला लागते आणि मिक्श्चर आपोआप पातळ होतं. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे ही.

आता बाइंडिंग वायर. ती सैल पडली किंवा बांधताना लिव्हर स्टॉपला टेकलेला नसला की चकती जराशी उघडी राहते. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पुरतो. मग थंडीत स्टार्ट करायला लागणारं दाट मिक्श्चर मिळत नाही, कारण चकती पूर्ण उघडत नाही. आणि गरम झाल्यावर दिवसभर जास्तीचं पेट्रोल झिरपत राहतं, कारण ती पूर्ण मिटतही नाही. तुमची सकाळची तक्रार आणि काळे प्लग यातूनच आलेत असं मला वाटतं.

तपासणी अशी करा. गाडी दहा-बारा मिनिटं चालवून पूर्ण गरम करा, आयडलिंगला ठेवा, एअर क्लीनर काढा, वायर कापा आणि अंगठ्यानं लिव्हर बंद बाजूला दाबून धरा. आयडलिंग सुधारलं किंवा आवाज बदलला, तर लिव्हर आत्तापर्यंत उघडा होता. काहीच फरक पडला नाही, तर टॉर्च घेऊन कार्बोरेटरच्या तोंडात वरून बघा. आयडलिंगला मधल्या नळीतून पेट्रोल थेंब-थेंब पडताना दिसलं, तर दोष फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी सांभाळणाऱ्या तरंगत्या भागाच्या) नीडल व्हॉल्व्हचा किंवा फ्लोट लेव्हलचा आहे, चोकचा नाही. त्या वेळी ही मधली नळी कोरडी असायला हवी.

लिव्हर स्टॉपला टेकतोय, नळीही कोरडी आहे आणि तरी प्लग काळे, तर चकतीच गळते. बाजूचं स्टार्टरचं झाकण स्क्रू काढून उघडा. आतली स्प्रिंग उडते, हात आडवा धरा. चकतीवर आणि ती बसते त्या सपाटीवर गोल ओरखडे दिसले की समजायचं. जाड काचेवर ८०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून, पाणी लावून, चकती हलक्या हातानं आठच्या आकारात घासा. सगळीकडे एकसारखा रंग आला की थांबा. जास्त घासली तर भोकांच्या कडा खराब होतात. पेट्रोलनं धुवा, हवा मारा, ग्रीस लावू नका. खात्री करायची असेल तर घासण्याआधी झाकणाच्या मागे बिनभोकाचा पॅकिंग पेपर टाकून गाडी चालवून बघा. आयडलिंग लगेच सुधारलं तर गळती तिथंच आहे. तो पेपर तपासणीपुरताच. तसाच ठेवून देऊ नका.

आणि मनापासून एक सांगतो. प्रीमियर कंपनी उभी करणारे वालचंद हिराचंद १८८२ साली याच सोलापुरात जन्मले. त्यांच्या कंपनीची गाडी आपल्या गावात मूळ यंत्रासह नीट चालावी, तिचा एकेक भाग तारेनं बांधून निकामी होऊ नये, असं फार वाटतं.


लेथ_आणि_लोखंड

केबलचं मी सांगतो. सायकलच्या ब्रेकची वायर चालणार नाही. ती पिळाची असते, ओढायला उत्तम, पण ढकलता येत नाही. चोकच्या नॉबला दोन्ही कामं करायची असतात. ओढून उघडायचं आणि आत ढकलून बंद करायचं. पिळाची वायर टाकली की नॉब आत जाईल, वायर कव्हरमध्ये मुडपेल आणि लिव्हर जागचा हलणार नाही. तुम्हाला वाटेल चोक बंद झाला, तिकडे चकती अर्धी उघडी. बाइंडिंग वायरवाल्या अवस्थेतच परत याल.

त्यासाठी कडक, एकसंध पोलादी तार हवी, साधारण दीड मिलिमीटरची, गुंडाळीच्या कव्हरमध्ये. जुन्या अँबॅसिडरची किंवा जीपची चोक केबल लांबीला जास्त असली तरी चालते, कापता येते. कापताना कटरनं दाबून तोडू नका, टोक चपटं होतं आणि कव्हरमध्ये अडकतं. ग्राइंडरनं किंवा त्रिकोणी कानशीनं कापा आणि टोकाची बुरी काढा. आत मशीन ऑइलचे चार-पाच थेंब सोडा.

बसवताना पाळायच्या गोष्टी. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची कड कव्हर कापते. वळण मोठं ठेवा, चार बोटांच्या रुंदीपेक्षा लहान वळण नको. एक्झॉस्टपासून लांब न्या. कव्हर कार्बोरेटरवरच्या क्लिपमध्ये घट्ट धरलं पाहिजे. ते सुटं राहिलं तर तार हलण्याऐवजी कव्हरच मागे-पुढे होतं, आणि हा दोष पटकन लक्षात येत नाही. मग नॉब डॅशला पूर्ण टेकवा, तिथून एक ते दोन मिलिमीटर बाहेर काढून धरा, लिव्हर बोटानं स्टॉपला टेकवा आणि त्या स्थितीत लिव्हरवरचा बारीक स्क्रू आवळा. हे दोन मिलिमीटर महत्त्वाचे. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, ढील नसेल तर खड्ड्यात गाडी गेली की चोक आपोआप जरासा उघडतो. स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला तर तार तिथंच कापली जाते. पहिली केबल बहुतेक अशीच तुटली असेल, तुटलेली जागा बघा.

शेवटी दुसऱ्याला आत बसवून नॉब ओढायला-ढकलायला लावा आणि बॉनेट उघडून स्वतः लिव्हर बघा. पूर्ण उघडला पाहिजे, पूर्ण टेकला पाहिजे. काही सोलेक्समध्ये मधे एक टप्पा असतो, तिथं बारीक "टक्" जाणवतं. तो अर्ध्या चोकचा टप्पा.


सातरस्ता_११००

फार आभार. अंगठ्यानं दाबल्यावर आयडलिंग सरळ झालं, म्हणजे लिव्हर उघडाच होता. केबल शोधतोय. एक राहिलं. केबल बसल्यावर नेमका किती चोक द्यायचा आणि कधी आत ढकलायचा? गाडी रोज निघत नाही, आठवड्यातून एकदाच निघते. उन्हाळ्यात हायवेवरून येऊन थांबलं की परत स्टार्ट व्हायला त्रास देते, तेव्हा चोक द्यायचा का?


विजापूररोड_गॅरेज

तीन वेगळ्या वेळा आहेत, तिन्हींची पद्धत वेगळी.

आठवड्यानं गाडी काढताना आधी चोकचा विचारच करू नका. सोलापूरच्या उन्हात फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल आठवड्याभरात बरंच उडून जातं. कार्बोरेटरच कोरडा, तिथं चोक काय ओढणार? एअर क्लीनर काढा आणि हातानं थ्रॉटल उघडून कार्बोरेटरच्या तोंडात बघा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या बारीक नळीतून पेट्रोलची तार पडली तर चेंबर भरलेला आहे. काहीच पडलं नाही तर रिकामा. रिकामा असेल तर मेकॅनिकल पंपाला हातानं हलवायची कांडी असल्यास तिनं भरा. नसेल तर चोक आत ठेवून पाच-सात सेकंद सेल मारा, पंधरा-वीस सेकंद थांबा, परत मारा. एका दमात अर्धा मिनिट सेल मारून बॅटरी आणि स्टार्टर मोटर दोन्ही तापवू नका. चेंबर भरला की मग चोक.

थंड इंजिन, चेंबर भरलेला. पॅडल एकदा दाबून सोडा. नॉब पूर्ण बाहेर. पाय पॅडलवरून काढून घ्या आणि सेल मारा. पाय काढायचं कारण जेटवाल्यांच्या पोस्टमध्येच आहे: स्टार्टर कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या ओढीवर चालतो. रेस दिली की बटरफ्लाय उघडते, ओढ जाते आणि चोकमधून पेट्रोल येणं थांबतं. चोक ओढून वर रेस देत राहणं ही सोलेक्सवर होणारी सगळ्यात मोठी चूक. गाडी लागली की दहा-पंधरा सेकंदांत अर्धा चोक, आणि आपल्या हवेत मिनिट-दीड मिनिटात पूर्ण आत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो तेव्हा एवढं लागतं. मार्चनंतर पूर्ण चोकची गरज जवळजवळ नाही, अर्ध्यावर लागते आणि लगेच ढकलता येतो.

नॉब विसरून पाच-सहा किलोमीटर गाडी चालवली तर नुसतं पेट्रोल जात नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगा आणि बोअर कोरडे घासतात, आणि तेच पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक ओढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली, तर ऑइल बदला. तुमच्या गाडीत लिव्हर महिनोन्‌महिने उघडा होता, तेव्हा केबल बसवल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलाच. प्लग साफ करून ०.६ मिलिमीटरचा गॅप ठेवा.

तिसरी वेळ, गरम इंजिन. मे महिन्यात ४२ अंशांत पुण्याकडून हायवेनं आलात, गाडी बंद केली. पंखा आणि वारा थांबतो, खालची उष्णता वर कार्बोरेटरला चढते, चेंबरमधलं पेट्रोल उकळतं आणि नळीतून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. इंजिन आधीच पेट्रोलनं भरलंय. त्यात चोक ओढला तर प्लग पूर्ण ओले होतात. तेव्हा चोक पूर्ण आत, पॅडल हळूहळू तळापर्यंत दाबा आणि तिथंच धरून ठेवा, पंप करू नका, पाच ते आठ सेकंद सेल मारा. पूर्ण उघड्या बटरफ्लायमधून हवा शिरते आणि साचलेलं बाहेर निघतं. लागली की पॅडल सोडा. तरीही नाही लागली आणि पंपाच्या पाइपात पेट्रोल येत नसेल, तर तो व्हेपर लॉक, म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ होऊन वाट अडलेली. पंपावर ओलं फडकं ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. कार्बोरेटरखाली जाड बेकलाइटचा स्पेसर आहे का तेही बघा. ओव्हरहॉल करताना तो बरेचदा काढून टाकला जातो. तो उष्णता अडवायलाच आहे.


फ्लॅप_उघडा

मारुतीचं उत्तर. झडप काढू नका. तिचे दोन बारीक स्क्रू मागून ठोकून फुलवलेले असतात, सुटू नयेत म्हणून. ते जबरदस्तीनं काढले की आटे जातात. पुढे कधी परत बसवले आणि नीट फुलवले नाहीत तर कंपनानं सुटतात आणि सरळ खाली सिलिंडरमध्ये. एका स्क्रूपायी पिस्टन आणि व्हॉल्व्ह जातो. शाफ्टही काढला तर बॉडीला दोन बाजूंना भोकं राहतात, त्यातून फिल्टर न झालेली धूळ जाते. आपल्याकडच्या धुळीत ते परवडणारं नाही.

झडप अडकते याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. शाफ्टवर जुन्या पेट्रोलचा गोंद आणि धूळ. कार्ब क्लीनर मारा, झडप हातानं पंचवीस-तीस वेळा उघड-बंद करा, परत मारा. नॉब आत असताना झडप बरोबर उभी दिसली पाहिजे. तिरकी राहिली तर केबलची ढील लेथवाल्यांनी सांगितली तशी लावा. मारुतीत चोकच्या लिव्हरला फास्ट आयडलचा कॅम जोडलेला असतो, चोक ओढला की थ्रॉटल जरा उघडतो. म्हणून नॉब थोडा बाहेर राहिला की आयडलिंग चढलेलं राहतं आणि मेकॅनिक मिक्श्चर स्क्रू फिरवत बसतो. आधी झडप बघा.

पीयूसीला जाण्याआधी दोन्ही गाड्यांचा चोक पूर्ण बंद आहे याची खात्री करा. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. अर्धवट उघड्या चोकवर गाडी त्यात बसणं अवघड.

कुणाकडे एसयू कार्बोरेटरची अँबॅसिडर असेल तर तिथं प्रकार तिसराच. झडप नाही, वेगळा स्टार्टरही नाही. नॉब ओढला की जेटच खाली सरकतो आणि सुईभोवतीची वाट मोठी होते. नॉबच्या पहिल्या थोड्या ओढीत फक्त आयडलिंग वाढतं, जेट नंतर हलतो. आणि डॅशपॉटमधलं (कार्बोरेटरच्या पिस्टनची हालचाल आवरणाऱ्या कुपीतलं) ऑइल संपलं असेल तर रेस देताना गाडी अडखळते आणि लोक चोक ओढून चालवतात. त्या वेळी चोकला हात न लावता डॅशपॉट भरा.


एमआयडीसी_अक्कलकोटरोड

इथंच विचारतो. माझ्या पद्मिनीचं बरोबर उलटं आहे. गरम झाल्यावरही नॉब पाव भाग बाहेर ठेवला तरच नीट चालते, आत ढकलला की आयडलिंगला बंद पडते आणि पिकअपला झटके. प्लग पांढरट. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून वाढलंय. चोक असाच ठेवून चालवावी का?


जेटवाला

नाही. गरम इंजिनला चोक लागतोय म्हणजे मिक्श्चर पातळ आहे. चोकनं ते झाकलं जातं, दुरुस्त होत नाही.

इथेनॉलचा भाग आधी सांगतो. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, इथेनॉल आपल्याला नवं नाही, पण जुन्या कार्बोरेटरला नवं आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिसळीला साधारण साडेतेरा. जेट तोच ठेवला की गाडी आपोआप सात-आठ टक्के पातळ चालते. शिवाय इथेनॉलचं बाष्प व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून थंडीत स्टार्टही जड होतं आणि चोक पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. तेवढं स्वाभाविक आहे. गरम झाल्यावर लागणं मात्र स्वाभाविक नाही, कारण सात-आठ टक्क्यांनी गाडी आयडलिंगला बंद पडत नाही. आधीपासून कुठंतरी कमी होतं, इथेनॉलनं ते उघडं पाडलं.

म्हणून जेट बदलण्याआधी क्रम पाळा. पहिला स्लो जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल देणारा. काढा, उजेडाकडे धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. हवा मारून साफ करा, तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं होतं. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवून आणतं आणि तो इथंच अडकतो. फ्लोट चेंबरच्या तळाशी पांढरी पूड किंवा चिकट साका दिसला तर इथेनॉलनं ओढलेल्या पाण्याची ती खूण. टाकी रिकामी करून धुवा.

मग हवेची गळती. इंजिन आयडलिंगला ठेवून कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगभोवती आणि थ्रॉटल शाफ्टच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी ब्रशनं लावा. आवाज बदलला तिथं गळती. क्लीनरचा स्प्रे गरम एक्झॉस्टजवळ मारू नका, आग लागते. शाफ्ट धरून वर-खाली हलवा, खटखट जाणवली तर बुश गेलेत. नवा कार्बोरेटर शोधण्याआधी पावरलूमचे भाग करणाऱ्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून ब्राँझचे बुश बसवून घ्या.

नंतर मिक्श्चर स्क्रू. हलकेच तळाला टेकवा, जोर लावला तर टोकाला खाच पडते. दीड ते दोन फेरे बाहेर काढा, गाडी गरम करा, आत फिरवत अडखळायला लागेपर्यंत न्या, मग बाहेर फिरवत जड होईपर्यंत. दोन्हींच्या मधे जिथं आयडलिंग सगळ्यात चांगलं तिथून पाव फेरा बाहेर.

एवढं झाल्यावरही वेगात झटके राहिले आणि प्लग पांढरेच असतील, तरच मेन जेट. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० चा जेट म्हणजे १.२० मिलिमीटर. १२० च्या जागी १२५ टाकला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. मिसळीनं जेवढं पातळ केलं ते भरून निघतं. एकच पायरी वाढवा. ड्रिल मारून जेट मोठा करू नका, कडेला बुरी राहते आणि प्रवाह बिघडतो.

रबराचंही बघा. पंपाचा डायफ्रॅम, पेट्रोलचे पाइप, नीडल व्हॉल्व्हचं रबरी टोक, हे जुन्या रबराचे असतील तर इथेनॉलमध्ये फुगतात. पाइप बोटांत दाबून मऊ किंवा चिकट लागला की बदला, फ्लुओरो रबराचे घ्या.

जेट बदलल्यावर प्लगचा रंग घराबाहेर आयडलिंगवर वाचू नका. तुळजापूर रस्त्याला चौथ्या गिअरमध्ये ६० च्या वेगानं आठ-दहा किलोमीटर जा, रिकामा सरळ रस्ता बघून क्लच दाबा, लगेच इग्निशन बंद करा आणि कडेला थांबा. स्टीअरिंगला लॉक असेल तर किल्ली फक्त एकच खाच मागे फिरवा, बाहेर काढू नका. प्लग निवू द्या आणि मग काढा. पोर्सलिन फिक्या तपकिरी रंगाचं असेल तर जेट बरोबर. पांढरं असेल तर गळती परत शोधा, काळं असेल तर आधीचाच जेट बसवा.